चिकट बाजू पाण्याकडे

मित्रांनो, मागच्या भिंतीशी उभी असलेली ती लांबट, कमरेएवढी उंच, स्टीलची वस्तू दिसते ना, ती मी. मला पेटी म्हणू नका. हौदही म्हणू नका. एकदा एका पाहुण्याने मला गुरांना पाणी पाजायचे कुंड समजून "म्हशी कुठे बांधता?" असे विचारले होते. त्याला मी अजून माफ केलेले नाही. मी एक जुनी टाकी आहे, पण साधीसुधी पाणी साठवायची टाकी नव्हे. माझ्या पाण्यावर चित्रे तरंगत. आता माझ्या अंगावर ओरखडे आले आहेत आणि म्हातारपणामुळे बोलायची सवय लागली आहे. ऐकणारे कोणी भेटले की मी सहजासहजी सोडत नाही. तेव्हा बसा.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. तो माणूस हाताचा पक्का, पण घाईचा. मला घडवून त्याने मोठ्या तोऱ्यात पाणी भरून दाखवले, आणि माझ्या डाव्या कोपऱ्यातून थेंब थेंब गळू लागले. वेल्डर ओशाळला. त्याने कोपरा पुन्हा जोडला, तेव्हा तिथे एक जाडसर फोड राहिला. "घासून गुळगुळीत करून देतो," असे तो म्हणाला. मला न्यायला आलेले गिऱ्हाईक म्हणाले, "राहू दे. कुठं गळत होतं ते लक्षात राहील." तो फोड अजून माझ्या कोपऱ्यात आहे. हात लावून बघा.

ते गिऱ्हाईक म्हणजे दादा. दोन भावांतला थोरला. गाड्यांना रंग मारण्यात त्याचे केस पांढरे होऊ लागले होते. त्याच्याबरोबर आला होता त्याचा धाकटा भाऊ. सगळे त्याला धाकटाच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. धाकटा सडाफटिंग होता. लग्नाचा विषय निघाला की त्याला हटकून काहीतरी काम आठवत असे. तिसरी वहिनी, म्हणजे दादाची बायको. धाकटा तिला वहिनी म्हणे, त्यामुळे गिऱ्हाइकेही तिला वहिनीच म्हणू लागली. घर पुढे आणि वर्कशॉप मागे, मध्ये एक दार. त्या दारातून दिवसभर चहा आणि आरडाओरडा ये-जा करत असत.

आता माझे काम सांगते. तुम्ही कधी चेंडूला कागद गुंडाळून पाहिला आहे का? कितीही ताणा, सुरकुत्या पडतातच. मग हेल्मेटवर, गाडीच्या स्टिअरिंगवर, खाचाखोचांच्या हँडलवर वाघाचे पट्टे किंवा लाकडाच्या रेषा कशा बसवायच्या? त्यासाठी एक पातळ फिल्म मिळते. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. तिच्या एका बाजूला नक्षी छापलेली असते. दुसरी बाजू पाण्यात विरघळणारी असते. माझ्यात कोमट पाणी भरायचे, त्यावर ती फिल्म अलगद आडवी सोडायची आणि वरून फवाऱ्याने एक औषध मारायचे. मग फिल्म विरघळते आणि नुसती नक्षी, नुसता रंग पाण्यावर तरंगत राहतो. त्या क्षणी वस्तू तिरकी धरून हळूहळू पाण्यात दाबायची. पाणी वस्तूला चारी बाजूंनी कवेत घेते, आणि पाण्याबरोबर नक्षीही प्रत्येक खाचेत जाऊन बसते. सगळे मिनिटभराचे काम. पण त्या मिनिटात चूक झाली तर माघार नाही. अर्धी बुडवलेली वस्तू वर ओढता येत नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळे रामायण तिच्यावरूनच घडले. फिल्मची चिकट, म्हणजे विरघळणारी बाजू पाण्याकडे जायला हवी आणि नक्षीची बाजू वर. नुसत्या डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. म्हणून बोट ओले करायचे आणि फिल्मचा कोपरा चिमटीत धरून बघायचा. ओल्या बोटाला जी बाजू चिकटेल ती खाली. दादा फिल्म कापे, बोट जिभेला लावून कोपरा बघे आणि धाकट्याच्या हातात देई. धाकटा माझ्याच पाण्यात बोट बुडवून दुसरा कोपरा बघे. एकदा बघितलेले पुन्हा बघायचे, असा आमच्याकडचा शिरस्ता होता. वहिनी हसायची, "दोघं मिळून एका फिल्मची नाडी बघतात!"

सुरुवातीला फजितीच फजिती झाली. बाटल्या, फाटके बूट, मोडका पंखा, जे सापडेल ते त्यांनी माझ्यात बुडवले. रंग फाटायचा, गोळा व्हायचा, सुरकुत्या पडायच्या. वहिनीने घरातल्या डब्यांना कुलूप लावायचे तेवढे बाकी ठेवले होते. मग एके दिवशी त्यांनी घरातला जुना टेलिफोन आतल्या तारा काढून बुडवला, आणि तो वर आला तो थेट संगमरवराचा होऊन. राखाडी रेषा रिसीव्हरवरून वळून अगदी बोलायच्या भोकांपर्यंत गेल्या होत्या. धाकट्याने तो कानाला लावला आणि म्हणाला, "हॅलो, दादा आहेत का? त्यांना सांगा, जमलं." त्या दिवशी दोघे भाऊ लहान मुलांसारखे नाचले. माझे अर्धे पाणी सांडले, पण मला वाईट वाटले नाही.

त्यानंतर कामाला तोटा राहिला नाही. हेल्मेटांवर कवट्या आणि ज्वाळा, मोटारसायकलींच्या टाक्यांवर नागाचे खवले. सगळ्यांत जास्त काम गाड्यांच्या आतल्या प्लॅस्टिकला लाकूड बनवायचे. त्या वेळी लोकांना गाडीत बसल्यावर दिवाणखान्यात बसल्यासारखे वाटायला हवे असे. लाकडाच्या फिल्मचे रोल यायचे, त्यात गाठीही छापलेल्या असत. गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन फिरवून फिरवून बघे आणि विचारी, "जोड कुठाय?" जोड नसायचाच. तेव्हा मला जो अभिमान वाटे तो मी काय सांगू! कौतुक दादाच्या हाताचे होई आणि धाकट्याच्या डोळ्याचे होई. टाकीचे नाव कोणी काढत नसे. पण पाणी माझ्या पोटात होते, हे मला ठाऊक होते.

त्या दिवसांतली मला सगळ्यांत जास्त आठवते ती शांतता. फिल्म पाण्यावर असताना बोलायचे नाही, असा वर्कशॉपचा नियम होता. जोरात श्वास लागला तरी फिल्मला सुरकुती पडते. हे दोघे भाऊ एरवी दिवसभर भांडत. चहात साखर किती, रेडिओ कुठल्या स्टेशनवर, झाडू कोणी मारायचा. पण फिल्म पाण्याला टेकली की दोघांची तोंडे मिटत. दादा वस्तू धरून माझ्या एका अंगाला, धाकटा फवारा घेऊन दुसऱ्या अंगाला, आणि दोघांचे चेहरे माझ्या पाण्यात. दोघांचा श्वास एकाच वेळी वर-खाली होई. पार्सलवाला दारात आला तरी हात वर करून तिथेच उभा राही. इतके जवळचे दोन माणसांचे गप्प राहणे मी पुन्हा फार वर्षे पाहिले नाही.

मग या घरात लवंगी आली. दादाची मुलगी. खरे नाव वेगळे होते, पण लवंगी मिरचीसारखी लहान आणि तिखट, म्हणून लवंगी. तिचा उजवा पाय जन्मापासूनच गुडघ्याखाली थोडासाच होता. उभी राहायची वेळ आली तेव्हा तिला बनवलेला पाय मिळाला. पाय बनवणाऱ्या बाईंनी तो इतका छोटा बनवला होता की धाकट्याच्या तळहातावर मावे. रंग मात्र बिस्किटाचा. धाकट्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हा काय रंग झाला? हिचा दुसरा पाय कुठं असा आहे? एक तर तिच्यासारखा करा, नाहीतर मग मजेचा तरी करा." आणि त्याने त्यावर ढग चढवले. निळ्या आकाशातले पांढरे ढग. लवंगी पहिले पाऊल ढगांवरून चालली, असे वहिनी सगळ्यांना सांगत सुटली.

तुमचे बूट जसे लहान होतात तसे लवंगीचे पाय लहान होत. नवा पाय आला की ती स्वतः माझ्याजवळ स्टूल ओढून उभी राही आणि फिल्मच्या नमुन्यांतून एक निवडे. ढगांनंतर फुलपाखराचे पंख झाले, मग वाघाचे पट्टे झाले. पट्टे असताना ती वर्षभर गुरगुरतच फिरली. पाय बुडवताना ती दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड घट्ट दाबून धरी, कारण नियम म्हणजे नियम. पाय धुऊन झाला की हात काढी आणि विचारी, "आता बोलू का?" काका म्हणे, "बोल." मग जी सुरू होई ती जेवणापर्यंत थांबत नसे. लहान झालेले पाय धाकटा भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडून ठेवी.

मित्रांनो, आता मला जे सांगायचे आहे ते सांगायला जड जाते.

वाघानंतर लवंगीने मगर निवडली. मगरीच्या कातडीची फिल्म जुनी होती, तिचा एकच तुकडा शिल्लक होता. "उद्या मगर घेऊन येते," असे ती सगळ्या वर्गाला सांगून आली होती. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये गडबड होती. संगमरवरी टेलिफोन वाजत होता, लवंगी मगरीचे दात किती असतात ते विचारत होती, आणि दादाला एका गिऱ्हाइकाने बोलण्यात धरले होते. दादाने घाईघाईत फिल्म कापली आणि धाकट्याला दिली. त्याने बोट ओले केले नाही, कारण धाकटा बघणारच होता. धाकट्याने फिल्म घेतली आणि तशीच माझ्यावर सोडली. त्याने बोट बुडवले नाही, कारण दादाने बघूनच दिली असणार. मी दोघांची बोटे पाहिली. दोघांचीही कोरडी होती. मी ओरडू शकले असते तर! पण टाकीला तोंड असते ते फक्त पाणी सोडायला.

पाय बाहेर आला तेव्हा मगर छान दिसत होती. लवंगीने तोंडावरचे हात तसेच ठेवून उड्या मारल्या. मग दादाने पाय नळाखाली धरला, वरचा बुळबुळीत थर धुऊन काढायला. आणि थराबरोबर मगरही निघाली. साय निघावी तशी घसरत घसरत मोरीत गेली. खाली उरला तो डागाळलेला, ओरबाडल्यासारखा पाय. फिल्म उलटी पडली होती.

लवंगीने तोंडावरचे हात काढलेच नाहीत. बोलायला परवानगी होती, तरीही.

दादाला तिचा तो चेहरा बघवला नाही. राग कुणावर तरी निघायला हवा होता. तो धाकट्याकडे वळून म्हणाला, "बघितलं नाहीस? नाहीच बघणार तू. स्वतःची पोर असती तर बघितलं असतंस."

वर्कशॉप एकदम गप्प झाले. पण ही शांतता ती नव्हती. "तू तरी कुठे बघितलंस?" असे धाकटा म्हणू शकला असता, ते खरेही होते. त्याने फवाऱ्याची गन पुसली, खिळ्याला अडकवली, तिच्यावर आपला रुमाल टाकला आणि मधल्या दाराने न जाता मागच्या दाराने निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही आला नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका पाट्या रंगवणाऱ्याकडे त्याने काम धरले, असे वहिनीच्या बोलण्यावरून कळले.

तेव्हापासून माझे पाणी आटले. दादाने काही दिवस एकट्याने करून पाहिले. फिल्म सोडायची, औषध मारायचे आणि धावत जाऊन वस्तू घेऊन यायचे, तोवर रंग पसरून फाटून गेलेला असे. टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात, ते भांडणाबद्दल म्हणतात. पण कामाबद्दलही ते तितकेच खरे आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले. शेवटी दादाने माझे पाणी सोडून दिले आणि साध्या रंगकामावर भागवू लागला. बाजारात तयार माल स्वस्त मिळू लागला होता, गिऱ्हाइकांनीही माझी चौकशी केली नाही. आधी माझ्यात पुठ्ठे आले, मग जुन्या चपला. एके दिवशी वहिनीने माझ्यात कांदे ओतले. "हवा खेळती राहते," म्हणाली. माझ्यावर वाघ तरंगले होते, मित्रांनो. आणि आता कांदे! रात्री एखादा कांदा कोंब फुटून सरकला की मला दचकायला होई.

आणि लवंगीला त्यानंतर जो नवा पाय आला, तो बिस्किटाच्या रंगाचाच राहिला. त्याच्या पुढचाही. फळीवर ढग, फुलपाखरू, वाघ, मग तो डागाळलेला पाय, आणि त्यापुढे एक बिस्किट. ती आता लांब पँट घालू लागली होती, उन्हाळ्यातसुद्धा. खेळाच्या तासाला तिचे पोट दुखू लागे. वहिनी एकदा दादाला म्हणाली, "अहो, पोर पाय लपवायला लागली आहे. आधी कधी लपवला होता का?" दादा सँडपेपर घासत राहिला. त्याला कळत नव्हते असे नाही. भावाकडे जायचे म्हणजे ते वाक्य बरोबर घेऊन जावे लागले असते, आणि ते त्याला उचलवत नव्हते.

मग एका सुटीच्या दिवशी मला न्यायला भंगारवाला आला. जागा अडते, असे दादाने ठरवले होते. वहिनीने कांदे टोपलीत काढले. भंगारवाल्याने माझ्या अंगावर टिचकी मारून पाहिली आणि दोरी सोडू लागला. इतक्यात लवंगी आली. अंगावर हाफ पँट, पायात नुकताच आलेला नवा पाय, तोही बिस्किटाचाच. तिने स्टूल ओढले, काठावरून पाय टाकला आणि थेट माझ्या पोटात येऊन बसली. कांद्याची साले तिच्या केसांना चिकटली.

"लवंगे, ऊठ," दादा म्हणाला.

"नाही. मला पण न्या भंगारात."

भंगारवाल्याने डोके खाजवले. "पोरीसकट उचलू काय हो? वजन जास्त भरेल."

"चेष्टा पुरे. लवंगे, बाहेर ये म्हणतो ना!"

"आधी पाय बुडवून द्या. मग न्या टाकी कुठं न्यायची ती."

"अगं, एकट्याला नाही येत ते. किती वेळा करून बघितलं मी!"

"मग दोघं करा."

दादा काही बोलणार, तोच मागचे दार वाजले. दारात धाकटा उभा होता. त्याला वहिनीने बोलावले होते, पण कशासाठी ते खरे सांगितले नव्हते. "भावोजी, टाकी चालली. तुमची गन तेवढी घेऊन जा, नाहीतर तीही जाईल," एवढाच तिचा निरोप होता. वहिनी ही काय चीज आहे ते तेव्हा मला कळले. कांद्यांबद्दलचा माझा राग त्याच दिवशी गेला.

धाकटा सरळ खिळ्याकडे गेला. रुमाल तिथेच होता. धूळ बसून त्याचा रंग ओळखू येत नव्हता. मग त्याने वळून पाहिले.

"तू काय करतेस गं आत?"

"कांद्यांची जागा राखतेय," लवंगी म्हणाली, आणि मग तिने पाय पुढे केला. "काका, बिस्किट आहे हा. परत बिस्किट. मला नको."

धाकट्याने तिच्या पायाकडे पाहिले, मग फळीवरच्या ओळीकडे. त्याने दादाकडे न बघताच विचारले, "फिल्म काय आहे?"

दादाही त्याच्याकडे न बघता म्हणाला, "काही नाही. गाड्यांची लाकडाची आहे तेवढी."

"खराब झाली असेल. इतक्या दिवसांची."

"नाही झाली, भावोजी," वहिनी मध्येच म्हणाली. "ओल लागू नये म्हणून पाइपात बंद करून ठेवली आहे ह्यांनी. अधूनमधून काढून बघतात. वापरायची नाही तर बघता कशाला, विचारलं तर बोलत नाहीत."

दादाचे कान लाल झाले. लवंगी माझ्यात उठून उभी राहिली. "लाकूड? म्हणजे लाकडी पाय?"

"हो, पण ते तुला..."

"मला हाच पाहिजे! समुद्रातल्या चाच्यांचा असतो तसा! गाठ पण हवी."

भंगारवाला खो खो हसला. "मग एका डोळ्यावर पट्टी पण बांध गं!" त्याने दोरी गुंडाळली, आणि वहिनीने दिलेला चहा पिऊन तो गेला. पुन्हा येईन असे काही म्हणाला नाही. धंदा बुडाला म्हणून कुरकुरलाही नाही.

मग कामाला लागले. वहिनीने मला आतून बाहेरून घासून काढले. दादाने पाय घासून त्याला खाली पिवळट तपकिरी अस्तराचा रंग मारला, वरच्या पोकळ तोंडात पाणी जाऊ नये म्हणून कागद लावून चिकटपट्टीने बंद केले आणि धरायला एक दांडा बसवला. धाकट्याने गनवरचा रुमाल खिशात कोंबला आणि गन खोलून, धुऊन पुन्हा जोडली. रंग वाळेपर्यंत माझ्यात पाणी भरले गेले. किती दिवसांनी! कोमट पाणी काठापर्यंत चढले तेव्हा मला रडू यायचे तेवढे बाकी होते. भावांचे बोलणे मात्र कामापुरते, तेही वाऱ्याशी बोलल्यासारखे. "गरम झालं असेल." "फडकं लागेल." धाकट्याने वर्तमानपत्राच्या पट्टीने पाण्यावरची धूळ ओढून काढली, आणि माझ्या तळापर्यंत उजेड गेला.

दादाने पाइपातून फिल्म काढली, पसरली, कापली. आणि तो तसाच थांबला. माझ्या पाण्यात मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याने बोट जिभेला लावले. फिल्मचा कोपरा चिमटीत धरला. खालची बाजू बोटाला चिकटली. त्याने पुन्हा दुसऱ्या बोटाने बघितले. मग फिल्म धाकट्यापुढे धरली. धाकट्याने ती घेतली, माझ्यात बोट बुडवले आणि दुसरा कोपरा बघितला. त्याच बाजूला चिकटले. तेव्हा कुठे दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मगरीच्या त्या दिवशी दोघांचीही बोटे कोरडी होती, हे इतके दिवस फक्त मला माहीत आहे असे मला वाटत होते. तसे नव्हते.

फिल्म पाण्याला टेकली आणि तोंडे मिटली. लवंगी एका पायावर स्टुलाला धरून उभी होती. तिने एकच हात तोंडावर ठेवला होता, दुसरा स्टुलावरून सोडता येत नव्हता म्हणून. त्या दुसऱ्या हाताच्या जागी वहिनीने आपला हात तिच्या तोंडावर ठेवला. फवारा उडाला. फिल्म विरघळली, लाकडाच्या रेषा पाण्यावर चमकू लागल्या. दादाने पाय तिरका धरला आणि हळूहळू दाबत नेला. पाय जिथे पाण्यात शिरत होता तिथे धाकट्याचे डोळे होते. रेषा वळल्या, पोटरीला वेढा घालून मागे गेल्या. दोघांचा श्वास एकाच वेळी वर-खाली होत होता. तीच शांतता, मित्रांनो. मला वाटले होते ती मोरीतून वाहून गेली.

पाय वर आला. पण कोणी हसले नाही. सगळ्यांना नळ दिसत होता.

दादाचे पाऊल नळाकडे उचलेना. धाकट्याने त्याच्या हातातून दांडा घेतला नाही, त्याच्या हाताखाली आपला हात धरला. दोघांनी मिळून पाय नळाखाली नेला. बुळबुळीत थर निघू लागला, ओघळला, मोरीत गेला. खाली लाकूड होते. दादाने अंगठ्याने घासून पाहिले. लाकूड हलले नाही. पाणी वाहत राहिले आणि तरी तो पाय धरूनच उभा होता.

"त्या दिवशी मी बघितलं नव्हतं," दादा म्हणाला.

"मी पण नव्हतं बघितलं."

"ते नव्हे रे..." दादा अंगठ्याने पाय घासतच राहिला.

धाकट्याने नळ बंद केला. "मगर धुऊन गेली, दादा. तू बोललास ते नाही गेलं. रोज आठवायचं."

"मलाही." दादाने पाय धाकट्याच्या हातात दिला. "पोर माझ्या एकट्याची कधी होती? पहिलं पाऊल टाकलं ते तू दिलेल्या ढगांवर टाकलं. मी चुकलो रे. फार वाईट बोललो."

धाकट्याने तो मळका रुमाल खिशातून काढला आणि पाय पुसू लागला. वहिनीने ओरडून नवे फडके आणले, तरी तो त्याच रुमालाने पुसत राहिला, कारण खरे म्हणजे तो डोळे पुसत होता आणि पायाचे नाव पुढे करत होता.

लवंगीने अजून तोंडावरचा हात काढला नव्हता. तिने हाताच्या आडूनच विचारले, "आता बोलू का?"

"बोल," दोघेही एकदम म्हणाले.

"गाठ कुठं आली बघू!"

गाठ बरोबर पोटरीवर आली होती, मोठी, डोळ्यासारखी. लवंगी दुसऱ्या दिवशी हाफ पँट घालून शाळेत गेली, आणि ऐकते की वर्गातली अर्धी मुले महिनाभर लंगडत चाच्यांसारखी चालत होती. तिचे पोट मात्र पुन्हा दुखले नाही.

मला कोणी भंगारात दिले नाही. धाकटा आठवड्यातून दोनदा येतो, पाटीवाल्याकडचे काम सुटले की. आमच्याकडे पूर्वीसारखे काम नाही, आणि येईल असे मला वाटतही नाही. कधी एखादे जुने हेल्मेट, कधी कोणाच्या कुबडीची मूठ. अधूनमधून पाय बनवणाऱ्या बाई एखाद्या मुलाला घेऊन येतात, आणि ते मूल नमुन्यांतून काय निवडते ते बघायला मला फार आवडते. कांदे आता टोपलीत राहतात. लवंगीचा लाकडी पायही फळीवर जाऊन बसेल, कारण ती वाढते आहेच. डागाळलेला पाय धाकट्याने काढला नाही. तो वाघाच्या शेजारी आहे.

मित्रांनो, म्हाताऱ्या टाकीचे एवढे ऐका. काम कोणतेही असो, दुसऱ्याने बघितले असेल असे धरून चालू नका. आपले बोट ओले करा आणि स्वतः बघा. मला भेटायला पुन्हा जरूर या, काठावर हात टेका, कामाखेरीज मला कोणी हल्ली हात लावत नाही. फिल्म पाण्यावर असेल तेव्हा गप्प राहा, श्वाससुद्धा हळू घ्या. पण ती एका मिनिटाची गोष्ट आहे. पाय धुऊन झाला की मनात असेल ते बोलून टाका. माझ्या घरातले दोघे ते इतके दिवस बोलले नाहीत, आणि तेवढे दिवस एका पोरीने आपला पाय लपवला.